पहिल्या गाडीआधीचं आम्लेट

लोणार तालुक्यात आजवर जेवढी माणसं वाट पाहून म्हातारी झाली, त्यातली निम्मी एकट्या आमच्या शेजारच्या काकांनी केली, हे मी कुठेही शपथेवर सांगायला तयार आहे. काका स्टँडवर कंट्रोलर होते. कोणती गाडी कधी येणार आणि कुठे लागणार हे सांगायचं काम सरकारने त्यांच्यावर सोपवलं होतं, आणि ते त्यांनी उभी नोकरी एकाच वाक्यावर निभावून नेलं. खिडकीशी येऊन कोणीही विचारावं, "साहेब, गाडी कुठंलोक आली?" आणि काकांनी चहाच्या ग्लासातून तोंड न काढता सांगावं, "सुलतानपूर सोडलं." गाडी मेहकरला पंक्चर होऊन पडलेली असो, नाहीतर मुळात निघालेलीच नसो, काकांच्या लेखी तिने सुलतानपूर सोडलेलं असायचं. एकदा मंठ्याच्या गाडीलाही त्यांनी हेच उत्तर दिलं. एका चौकस प्रवाशाने मंठा आणि सुलतानपूर अगदी उलट दिशांना आहेत हे त्यांच्या लक्षात आणून दिलं. काका शांतपणे म्हणाले, "मंग लांबून येऊन राह्यली असन. बसा." आणि तो माणूस बसला. त्यांच्या सांगण्यात असं काहीतरी होतं की माणसं बसायची.

असा हा माणूस निवृत्त झाला आणि मिनिटांच्या प्रेमात पडला. "टाइम म्हणजे काय असते, तुले समजते का बे?" असं ते मला विचारू लागले, मला, म्हणजे आयुष्य शाळेच्या घंटेवर काढणाऱ्या मास्तरला. गल्लीत कोणी रस्त्यात उभं राहून बोलताना दिसलं की काकांना त्यांची वाया जाणारी मिनिटं दिसायची आणि ती वाचवायला ते मध्ये जाऊन अर्धा तास बोलायचे. दाढी, आंघोळ, चहा, सगळं त्यांनी झटपट करून टाकलं. वाचलेला वेळ घेऊन ते ओट्यावर बसायचे आणि किती वेळ वाचला हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. या वेडाचा कळस म्हणजे झटपट अंडं, ज्याने आमच्या गल्लीची झोप दीड वर्ष उडवली.

पण हे वेड काही आकाशातून पडलेलं नव्हतं. आमच्या गावात आकाशातून एकच वस्तू पडली आणि तिचा खड्डा बघायला अजून लोक येतात. काकांच्या वेडाला कारण होतं, आणि ते त्यांनी माझ्यापासून कधी लपवलं नाही. काकू गेल्यापासून त्या घरात दोनच माणसं उरली, काका आणि सून. मुलगा पुण्याला कंपनीत. महिन्यातून एकदा येतो, आल्या दिवशी झोपतो आणि दुसऱ्या दिवशी जातो. सून साखरखेर्ड्याच्या सरकारी दवाखान्यात सिस्टर. पहिल्या गाडीने जायचं, दिवेलागणीला परत यायचं. काकू होत्या तोवर ती गाडीत बसायच्या आधी तिच्या पोटात गरम भाकरी असायची. काकू गेल्या आणि पोरगी काकांचा डबा करून, स्वतः मात्र कपभर चहावर निघू लागली. एक दिवस दवाखान्यातच तिला भोवळ आली. सोबतच्या सिस्टरने सांगितलं, एवढा जीव कशाला काढतेस, इथंच एखादी खोली कर. ही गोष्ट तिने घरी गवार मोडता मोडता सहज सांगितली आणि काकांच्या पायाखालची जमीन सरकली. तसेच उठून ते माझ्याकडे आले. "मास्तर, पोरगी तिकडं राह्यली तं या घरात मी अन् पाली," ते म्हणाले. "अन् पाली बी बोलत नाहीत."

मग निदान त्यांनी स्वतःच केलं. पोरगी उपाशी जाते म्हणून थकते आणि थकते म्हणून तिच्या मनात खोली येते. तेव्हा गाडीआधी तिच्या पोटात काहीतरी गेलं की खोलीचा विषय मिटला. आता करायचं काय? भाकरी त्यांना थापता येत नव्हती. पोळी त्यांनी एकदा लाटली, ती पोळपाट सोडायला तयार होईना, शेवटी पोळपाट भिजत घालावा लागला. उपमा करून झाला, तो पातेल्यासकट सुनेने हसत हसत मागच्या दारी नेला. उरलं अंडं. त्याला लाटावं लागत नाही, थापावं लागत नाही, आणि ते कधीही चुकीच्या आकाराचं होत नाही, असं काकांचं तेव्हा मत होतं.

त्याच सुमारास मुलाने पुण्याहून एअर फ्रायर पाठवला. दिवाळीच्या सेलमध्ये तो स्वस्त मिळाला होता आणि वडिलांकडे न आल्याची भरपाई करायला अशा वस्तू बऱ्या पडतात. नवी नवरी बघायला यावं तशी गल्ली तो बघायला आली. काळा कुळकुळीत, पुढे एक खण, वर आकडे. समोरच्या आजींनी त्याला चोहीकडून हात लावून पाहिला. "तवा नाही, तेल नाही, जाळ नाही. मंग याच्यात असते काय?" त्यांनी विचारलं. "हवा," काका अभिमानाने म्हणाले. "गरम हवा." आजी म्हणाल्या, "ते तं इलेक्शनमधी बी असते. पोट भरते का त्यानं?" तेव्हापासून गल्लीत त्या यंत्राचं नाव 'हवेची पेटी' पडलं.

पेटीसोबत माहितीचं पुस्तक होतं, त्यात जगातल्या बऱ्याच भाषा होत्या, मराठी नव्हती. काकांनी नोकरीतल्या सवयीने ते न वाचता बाजूला ठेवलं आणि मोबाईलवरचे व्हिडिओ बघून शिकायला घेतलं. त्या व्हिडिओंतल्या बायका आमच्या शाळेच्या सभागृहाएवढ्या स्वयंपाकघरात उभ्या असतात, त्यांच्याकडे प्रत्येक गोष्ट आधीच चिरून काचेच्या वाट्यांत ठेवलेली असते, आणि मग त्या 'झटपट' असं म्हणून सुरुवात करतात. काकांनी पहिल्याच दिवशी दोन अंडी फेटली, कांदा, मिरची, कोथिंबीर घातली आणि तव्यात ओततात तसं सगळं खणातल्या जाळीवर ओतून दिलं. जाळीला भोकं असतात. थोड्या वेळाने टिंग झालं, धूर निघाला, खण उघडला तर वर कांदा आहे, मिरची आहे, कोथिंबीर आहे, अंड्याचा पत्ता नाही. "अंडं गेलं कुठं बे?" काकांनी मला विचारलं. "सुलतानपूर सोडलं असेल," मी म्हटलं. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी त्यांनी अंडी अख्खीच ठेवली. उकडायला पाणी लागत नाही हे त्यांना नव्याने कळलं होतं, पण आच किती ठेवायची हे कळायचं राहिलं होतं. लवकर व्हावं म्हणून त्यांनी आकडा होता तेवढा चढवला. पहाटे असा काही आवाज झाला की गल्लीतल्या सगळ्या पुरुषांनी बाहेर येऊन आधी विजेच्या डीपीकडे पाहिलं. काका दारात आले, कपाळाला बलक लागलेला. "काही नाही, ट्रायल चालू हाय," त्यांनी जाहीर केलं आणि आत गेले. पुढे कधीतरी सुनेच्या डब्याचं सपाट झाकण त्यांच्या हाती लागलं. झाकणाला तेलाचं बोट फिरवून त्यात फेटलेलं अंडं ओतायचं आणि झाकणच जाळीवर ठेवायचं. खोटं कशाला बोलू, ते आम्लेट सुरेख झालं. फुगलेलं, वरून जरासं लालसर, आत मऊ. काकांनी ते बशीत घेऊन गल्लीभर दाखवलं आणि कोणाला चाखू मात्र दिलं नाही, कारण ते ज्या पोटासाठी होतं ते अजून केस विंचरत होतं.

"पाच मिनिटं!" काका सांगायचे. "पाच मिनिटांत नाश्ता. तुह्या घरी पोह्याले किती लागतात?" आता हे पाच मिनिटांचं अंडं कसं व्हायचं ते सांगतो. काका चारला उठत. आधी पेटी पुसून काढत, एकदा ओल्या फडक्याने आणि एकदा कोरड्या. मग ती रिकामीच गरम करत, कारण थंड इंजिन लोड घेत नाही असं त्यांचं म्हणणं. मग दोरी ओढून कांदा बारीक करायच्या त्या डबीचा खर्रर्र खर्रर्र आवाज सुरू व्हायचा, जो आमच्या उशीत ऐकू यायचा. मग अंडं पाण्यात सोडून बुडतं की तरंगतं ते बघायचं, मग फेटायचं, मग पुन्हा फेटायचं. एकदा मी धीर करून म्हटलं, "काका, हे सगळं मिळून दीड तास झाला." त्यांनी माझ्याकडे फार दयेने पाहिलं. "कुठं दीड तास? मशीन पाच मिनिटं चालली. गाडी स्टँडवर उभी रायते ते टाइम कोणी प्रवासात धरते का?"

आमच्या घरी अंड्याला स्वयंपाकघरात मज्जाव आहे. त्याची शेगडी वेगळी, तवा वेगळा, दोन्ही मागच्या पडवीत, आणि गुरुवार, शनिवार, चतुर्थी, श्रावण असं सगळं वजा जाता मला वर्षातून थोडेच दिवस अंड्याचे येतात. काकांच्या घरी बौद्ध रीत, तिथे असलं काही नाही. त्यामुळे आमच्या पडवीची त्यांना फार गंमत वाटायची. पेटी आल्यावर त्यांनी माझ्या बायकोचं मतपरिवर्तन करायचं मनावर घेतलं. "वहिनी, हे चूल नाही अन् शेगडी बी नाही. नुसती हवा हाय. हवेले काय विटाळ?" बायको म्हणाली, "नाही ना काका, हवेले काहीच नाही. म्हणून तं म्हणते, तुमची खिडकी लावून घेत जा. तुमची हवा माह्या देवघरात येते." काका खिडकी लावून घेऊ लागले, पण चतुर्थीला मुद्दाम उघडी ठेवायचे असा माझा संशय आहे.

आणि सून? ती खायची. एका हाताने साडीची पिन लावत, दुसऱ्या हाताने घास घेत, उभ्याउभ्याच खायची, आणि दर वेळी "मस्त झालं मामाजी" म्हणायची. काका दारातच उभे असायचे, तिचा शेवटचा घास आत जाईपर्यंत. मग घड्याळ, पर्स आणि डबा तिच्या हातात एकापाठोपाठ एक देत ते तिला चौकापर्यंत पोचवायचे, कारण स्टँडवरून निघालेली गाडी आमच्या चौकातूनच बाहेर पडते. ती गेली की परत येताना त्यांची चाल बदललेली असायची. "पोट भरून गेली," ते मला सांगायचे. "महिना झाला, खोलीचं नाव नाही काढलं." मग महिन्याचे दोन झाले, दोनाचे सहा झाले, सहाचं दीड वर्ष झालं. मी त्यांची टिंगल करत राहिलो, पण पहाटे तो खर्रर्र आवाज ऐकला की मलाही बरं वाटायचं. आज शेजारच्या घरात दोन माणसं आहेत एवढं त्यातून समजायचं.

मग ती सकाळ आली. काकांनी अंडं जाळीवर ठेवलं, आकडा लावला, आणि लाईन गेली. पेटी गप्प. पाच मिनिटं गेली, दहा गेली. सून म्हणाली, "राहू द्या मामाजी, मी जाते." "उपाशी?" काका म्हणाले. हा शब्द त्यांनी असा उच्चारला की ती पुन्हा खुर्चीवर बसली. तेवढ्यात चौकाकडून गाडीचा आवाज आला. दुसरा कोणीही असता तर त्याने सुनेला पळायला सांगितलं असतं. पण कंट्रोलर निवृत्त झाला तरी त्याचा हात निवृत्त होत नाही. काका बनियन आणि पट्ट्यापट्ट्याच्या पायजम्यावर चौकात धावले, रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि हात वर केला. ड्रायव्हर त्यांना मानणारा. त्याने गाडी थांबवली, वर इंजिन बंद केलं. "काय झालं साहेब?" "दोन मिनिटं," काका म्हणाले. "आता लाईन येते."

लाईन आली नाही. गाडीतल्या माणसांनी कंडक्टरला विचारलं, कंडक्टरने खरं ते सांगितलं. "साहेबाच्या घरी अंडं शिजून राह्यलं." झालं. सगळी गाडी त्या अंड्यावर बोलू लागली. एक जण म्हणाला गॅसवर ठेवा, दुसरा म्हणाला कच्चंच प्यावं, ताकद जास्त. मागच्या सीटवरच्या एका गृहस्थाचा गुरुवार होता, त्याने खिडकीतून तोंड बाहेर काढून सगळ्यांना अंड्याचं नाव घेऊ नका म्हणून विनवलं. सून घरातून आली ती खाली मान घालून, कोणाकडे न बघता चढली. गाडी निघणार तेवढ्यात काका घरातून पळत आले, हातात ते झाकण, त्यात अर्धंकच्चं आम्लेट थरथरत होतं. त्यांनी ते खिडकीतून तिच्यापुढे धरलं. बाजाराला मेथी घेऊन निघालेली एक बाई तिच्या शेजारी बसली होती. तिने ते झाकण काढून घेतलं. "द्या इकडं बाप्पा, लेकीले काऊन लाजवता?" ती म्हणाली आणि चमच्याशिवाय खाऊन टाकलं.

मी त्या दिवशी पोट धरून हसलो, शाळेत जाऊन सगळ्यांना हसवलं. संध्याकाळी काकांच्या ओट्यावर गेलो तो आणखी चिडवायच्या बेताने. सून नुकतीच आली होती, चप्पलही काढली नव्हती. "मामाजी, आज लसीकरण होतं," ती सांगत होती. आवाज चढलेला नव्हता. "बायका लेकरं घेऊन बसून होत्या. शेतातून मजुरी पाडून आलेल्या. मी उशिरा पोचली. कोणी काही म्हटलं नाही मले. एकीनं तं सरकून पंख्याखाली जागा केली माह्यासाठी." ती थांबली. "मी खोली पाहून आली मामाजी." ज्या माणसाने सबंध तालुक्याला बाकांवर बसवून ठेवलं त्याला त्या बाया डोळ्यांसमोर दिसत असाव्यात. काका म्हणाले, "पाण्याची सोय हाय का तिथं?"

रविवारी छोटा टेम्पो आला. सामान फार नव्हतंच. सून सारखी म्हणत होती, "तुम्ही बी चला ना." काका म्हणाले, "अन् पोरगा आला तं? कुलूप पाहून जाईन तो." पेटी त्यांनी तिच्याच खोक्यात घालून आणली. "हे घेऊन जा. तिकडं तुले टाइम भेटन." खोक्यावर हात ठेवून ती जरा घुटमळली आणि मग तिच्याने राहवलं नाही. "एक सांगू का मामाजी? सकाळी अंडं खाल्लं की गाडीत मळमळे मले. पूर्ण रस्ता खिडकीशी तोंड धरून बसे मी." काका चिकटपट्टी लावत होते, ते थांबले. "रोज?" "रोज." "मंग सांगितलं काऊन नाही?" "तुम्ही चारले उठत होते," ती म्हणाली. काकांनी चिकटपट्टी पुन्हा हातात घेतली आणि खोकं गरजेपेक्षा कितीतरी जास्त गुंडाळलं.

आता सकाळी गल्ली शांत असते. इतकी शांत, की मला पहाटे जाग येते आणि परत झोप लागत नाही. परवा असाच उठून काकांकडे गेलो. ओट्यावर बसून चहात टोस्ट बुडवत होते. आत गॅस लागल्याची खूण नव्हती. चहा स्टँडवरून ग्लासात आणलेला दिसत होता. एवढ्यात फोन वाजला, सूनच होती, व्हिडिओवर. तिने बशी दाखवली, दोन अंड्यांचं आम्लेट, आणि खुर्चीवर बसून, घाई न करता खाताना तीही दिसली. चेहरा भरला होता. काका बघत राहिले, अगदी ती पिन लावायची तेव्हा बघायचे तसेच. "तुम्ही काय खाल्लं मामाजी?" तिने विचारलं. काकांनी टोस्टचा हात फोनच्या मागे नेला. "आम्लेट," ते म्हणाले. "आत्ताच झालं." "दाखवा बरं बशी." "धुऊन टाकली." ती हळूच म्हणाली, "बरं. ह्या रविवारी येते मी." फोन बंद झाला तरी काका त्याच्याकडे बघत बसले होते. मी दुसरीकडे पाहायला लागलो तेव्हा ते म्हणाले, "आज बुधवार हाय ना बे?" मी म्हटलं, "नाही काका, गुरुवार." तेवढीच त्यांची रविवारची वाट एका दिवसाने कमी झाली.